पाचूवरची अक्षरे

ती घटना आठवली की आजही माझे तोंड कडू होते.

मध्यप्रदेश नुकताच झाला होता आणि मी राजवाड्याजवळच्या ठाण्यात ठाणेदार होतो. जुन्या सरदार घराण्यातले एक वृद्ध गृहस्थ देवघरातला पाचू चोरीस गेल्याची फिर्याद घेऊन आले. पाचूवर 'मल्हारी मार्तंड' अशी अक्षरे कोरलेली होती. रपट त्यांनी उभ्यानेच लिहवली. ठाण्याच्या बाकावर बसणे त्यांना कमीपणाचे वाटले असावे.

थोड्याच दिवसांत खबऱ्याने सांगितले, सराफ्यातल्या एका नगिनेवाल्याकडे तसा खडा आहे. हा माणूस खड्यांना पैलू पाडून झिलई द्यायचा. पंच घेऊन दुकानाची झडती घेतली. पाचू सापडला तो देवाच्या कोनाड्यात, भंडारा वाहिलेला आणि वर ताजे फूल. चोरीचा माल लोक पिठात लपवतात, चुलीत पुरतात. त्याची पूजा करणारा मी पहिल्यांदाच पाहिला. तरी माल त्याच्याकडे मिळाला होता, म्हणून त्याला कोठडीत घातले.

तो बोलेचना. शेवटी मी चहा मागवला आणि एकच विचारले, "घासून टाकला असतास तर मला ओळखूही आला नसता. का नाही घासलास?"

"घासायलाच दिला होता साहेबजी. अक्षरं मिटवून दे म्हणाला. देवाचं नाव साणेच्या चाकावर कसं धरू? मेरे से नहीं होता. उद्या या, परवा या, करत टाळत राहिलो. वाटलं, घरचं कोणी विचारत आलं तर चुपचाप देऊन टाकीन. देणारा सरदारसाहेबांचाच मुलगा आहे. बदनामी कशाला?"

"आणि आता तुझी होते आहे ती?"

"म्हणून तर सांगतोय. बाजार में नाव गेलं तर मला खडा कोण देईल?"

मुलाला बोलावले. माझ्यापुढे त्याने सगळे कबूल केले, पण पोलिसांपुढचा कबुलीजबाब कोर्टात चालत नाही. फिर्यादीने माल ओळखणे जरूर होते. तहसीलदारांसमोर तशीच अक्षरे असलेले आणखी खडे मिसळून शिनाख्त ठेवली. मुलाचे नाव निघाल्याचे वडिलांना एव्हाना कळले होते. त्यांचे बोट खऱ्या पाचूवर थांबले. मग ते म्हणाले, "यात आमचा नाही."

खटला तिथेच संपला. पाचूला मालक उरला नाही, तेव्हा कोर्टाने तो ज्याच्याकडे मिळाला त्यालाच परत दिला. नगिनेवाला मला बरोबर घेऊन थेट सरदारांच्या दारी गेला, पाचू त्यांच्या हातावर ठेवला आणि म्हणाला, "सराफ्यात एक शब्द सांगा हुजूर, की मी चोर नाही."

त्यांनी मूठ मिटली. "तसं सांगितलं, तर मग चोर कोण, असं लोक विचारतील," म्हणाले आणि आत गेले.

सराफ्यात त्याला पुन्हा कोणी खडा दिला नाही. पुढे एकदा मानपुरला, हमरस्त्याच्या कडेला, ट्रकवाल्यांच्या सुऱ्यांना धार लावताना दिसला. मला पाहून उठला आणि नमस्कार केला.

नोकरीत पुष्कळ चोर पकडले, त्यांच्यावर राग धरला नाही. त्या म्हाताऱ्यावर तो आजही आहे. माणसाला कोठडीत घालायला माझ्याजवळ कलमे होती. त्याला सराफ्यात परत बसवायला एकही नव्हते. ते काम एका माणसाच्या एका शब्दाचे होते, आणि तो माणूस त्या पाचूपुढे रोज हात जोडत होता.