भाऊरावांचे बारा हजार चारशे साठ गुण

अंधेरीच्या एमआयडीसीत पंप बनवणाऱ्या एका कारखान्यात भाऊरावांनी एकतीस वर्षं फिटरचं काम केलं. बोल्ट किती आवळायचा हे त्यांचं मनगट सांगायचं. हाताखालच्या माणसाने एक वॉशर कमी घातला, तर अख्खा पंप पुन्हा खोलायला लावायचे. त्यांच्या हातून गेलेला पंप कधी परत आला नाही, हे सगळे मानतात. मानत नाहीत ते फक्त बारा हजार चारशे साठ.

तो आकडा १९९७चा. कारखान्याच्या स्टोअरमध्ये नवा संगणक आला होता आणि त्यात ट्रकचा एक खेळ होता. घाटातून ट्रक न्यायचा, खड्डे चुकवायचे, दरीत पडला की संपलं. जेवणाच्या सुट्टीत भाऊराव तो खेळायचे. एका गुरुवारी त्यांनी १२,४६० गुण केले. खेळ बंद केला की आकडा पुसला जायचा, आणि त्या दिवशी बघायला कोणी नव्हतं. शेजारच्या बाकावर काम करणारा शिवदास म्हणाला, "फेकू नको." अठ्ठावीस वर्षं तो तेच म्हणतोय. लग्नात, बारशात, जुन्या कामगारांच्या जेवणात. चारचौघांत भाऊरावांची ओळखही तो "हे आमचे बारा हजारवाले" अशीच करून देतो. लोक हसतात. भाऊरावांना घास गोड लागत नाही.

पुढे कारखाना बंद पडला, संगणक भंगारात गेला. खेळाची फ्लॉपी मात्र भाऊरावांनी हत्यारांच्या पेटीत जपून ठेवली. यंदा सुनेने, श्रुतिकाने, नवा लॅपटॉप घेतला, तेव्हा त्यांनी ती तिच्यासमोर ठेवली.

"बाबा, ही घुसवायची कुठे?"

फ्लॉपी वाचणारं यंत्र लॅमिंग्टन रोडवरून आणलं. लॅपटॉपने फ्लॉपी वाचली आणि सांगितलं, हा प्रोग्रॅम या संगणकावर चालणार नाही.

"चालणार नाही म्हणजे? नवा आहे ना?"

"नवा आहे म्हणूनच, बाबा."

मग श्रुतिकाने जुन्या संगणकाचं सोंग घेणारा एक प्रोग्रॅम लॅपटॉपवर टाकला आणि त्यात खेळ सुरू केला. ट्रक दिसला आणि दिसेनासा झाला. थेट दरीत.

"संगणक जेवढा पळेल तेवढा हा खेळ पळतो," ती म्हणाली. "वेग कमी-जास्त करता येईल. पण तुमचा तो संगणक होता कसा?"

भाऊरावांनी नीट आठवून सांगितलं, "पांढरा."

त्यांनी शिवदासला फोन लावला. "रविवारी ये. तुझ्या डोळ्यांसमोर करतो."

शिवदास जोगेश्वरीहून रिक्षाने अंधेरीला आणि तिथून मेट्रोने घाटकोपरला भाऊरावांकडे आला. "बोल मेल्या, खंय तुझो ट्रक?" म्हणत पंख्याखाली बसला. पहिला प्रश्न वेगाचा. भाऊरावांनी त्याचा विचार करून ठेवला होता. सुरुवातीला ट्रक आपोआप डेपोतून निघून नाक्यावर यायचा. तेवढ्या वेळात त्यांचा चार पुडांचा डबा उघडून कागदावर मांडून व्हायचा.

"हे खरं आहे," शिवदास म्हणाला. "डबा उघडण्यात तू नंबर एक."

भाऊरावांच्या बायकोने, वनमालाबाईंनी, माळ्यावरून डबा काढून दिला. शिवदासने मोबाईलवर वेळ लावली. भाऊरावांनी कडी ओढली, पुडं मांडली. एकोणीस सेकंद. श्रुतिकाने त्या हिशोबाने वेग लावला आणि भाऊराव खेळायला बसले. ट्रक बैलगाडीसारखा चालला. मधे त्यांनी चहा घेतला, चष्मा पुसला. पाऊण तासाने आकडा आला, १४,२०५.

शिवदासने वाकून आकडा दोनदा वाचला. मग कानाला हात लावून म्हणाला, "मानलं बाबा. जेवायला वाढा आता."

भाऊराव उठले नाहीत. "रद्द," ते म्हणाले.

"अरे, मी मानलं ना!"

"मी नाही मानलं. खेळताना मी चहा प्यायलो. तेव्हा श्वास घ्यायला सवड नसायची." त्यांनी बोटं उघडमीट करून बघितली. "डबा आज एकोणीस सेकंदांत उघडला. तेव्हा एकोणीस सेकंदांत मी अर्धी भाकरी संपवायचो."

तरुण हातांना किती वेळ लागतो ते बघू म्हणून श्रुतिकाने डबा उघडायला घेतला. कडीच निघेना, नख मात्र मोडलं. शेवटी वनमालाबाई पुढे आल्या. कडी, पुडं, कागद. सात सेकंद, तेही श्रुतिकाशी बोलता बोलता.

"यांचे हात तेव्हा माझ्याहून जलद होते," त्या म्हणाल्या.

"सहा धर," भाऊराव श्रुतिकाला म्हणाले.

"बाबा, सहात मरेल तो ट्रक."

"मरू दे."

ट्रक मेला. तीनशे चाळीस गुणांवर. दुसऱ्यांदा दोनशे दहावर. शिवदास जेवून, पोट धरून हसत घरी गेला.

त्यानंतर भाऊराव रोज सकाळी सात ते आठ बसू लागले, ड्युटीवर बसावं तसे. कुठल्या वळणावर किती खड्डे, ते वहीत लिहिलं. श्रुतिका म्हणाली, "बाबा, थोडा हळू करू? शिवदासकाकांना कळणार पण नाही." तिच्याकडे त्यांनी असं बघितलं, की ती पोळ्या लाटायला निघून गेली.

दर रविवारी शिवदास यायचा, मागे स्टुलावर बसायचा आणि ट्रक पडला की टाळी वाजवायचा. नऊशे. सतराशे. चौथ्या रविवारी भाऊरावांची बनियन पाठीला चिकटली आणि ट्रक चार हजार एकशे पंधरावर पडला. त्या दिवशी टाळी वाजली नाही.

"भाऊ," शिवदास म्हणाला, "या वेगाला आज चार हजार, तर तेव्हा बारा केले असशील तू."

"असशील?"

"केलेस. झालं?"

"मग अठ्ठावीस वर्षं माझी टर का उडवलीस?"

शिवदास उसळला. "तू कधी उठलास का खुर्चीवरून? रोज मागे उभा राहायचो मी. आता उठेल, मग उठेल. भोंगा झाला की साहेब उठणार! कंटाळून जायचंच सोडलं मी. एकदासुद्धा खेळलो नाही तो ट्रक. आणि वर बारा हजार ऐकवतोयस!"

स्वयंपाकघरातून वनमालाबाई म्हणाल्या, "आणि चार रविवार झाले, आता तरी कुठे विचारलंत त्यांना?"

भाऊराव उठले, खुर्ची पुसली आणि बाजूला झाले. शिवदास बसला, चष्मा नीट केला, दोन्ही हात पँटला पुसले. ट्रक पहिल्याच वळणाला दरीत गेला.

"परत लाव," तो म्हणाला. "आणि हळूबिळू करू नको हां."