गल्लीभर दाढ्या

आमच्या गल्लीतल्या पुरुषांनी गेल्या सहा महिन्यांत एकेक करून दाढ्या वाढवल्या. आधी टपाल कचेरीतला कारकून, मग औषधवाला, मग चक्क बँकेचा पहारेकरी, ज्याला दाढी शोभत नाही आणि नीट येतही नाही. माझा थोरला भाऊ, दादा, न्हावी असूनही खूश. "फॅशन आली रे," तो मला म्हणाला, "दाढीला आकार द्यायचं मशीन घेऊन टाकू." मी मान डोलावली. फॅशन कसली डोंबलाची! दादाचा हात थरथरतो, आणि त्याच्या वस्तऱ्याखाली मान द्यायची आता सहसा कुणाची छाती होत नाही.

बरं, दुसरीकडे जायचं म्हटलं तर तेही कुणाच्याने होत नाही. हे दुकान दादाने चाळीस वर्षं माणसं जोडून उभं केलंय. नोकरीच्या मुलाखतीला निघालेल्याची दाढी तो फुकट करायचा, वर स्वतःचा इस्त्रीचा शर्टही अंगावर चढवून द्यायचा. औषधवाल्याचे वडील इस्पितळात होते तेव्हा रोज दुकान उघडण्याआधी तिथे जाऊन त्यांची दाढी करून यायचा. कुणाची बायको रुसलीय, कुणाचा गुडघा दुखतोय, सगळं त्याला पाठ. मी चिडायचो, "दादा, हे दुकान आहे, धर्मशाळा नाही." पुढे समोरच दोन मोठी दुकानं आली, गार हवेची, गुबगुबीत खुर्च्यांची. वर्षभरात दोन्हींना कुलूप लागलं. तेव्हापासून मी तोंड बंद ठेवलं. शेजारच्या माझ्या खुर्चीवर मात्र तेव्हाही, दादाकडे फारच खोळंबा झाला तर कुणीतरी नाइलाजाने बसायचं; आता दादादेखत तिथे बसून त्याचं मन कोण मोडणार?

आता हीच माया आमच्या अंगाशी आलीय. गेल्या आठवड्यात मास्तरांच्या बायकोने मला रस्त्यात गाठलं. मास्तर दोन वर्षं अंथरुणाला खिळलेत. दाढी वाढली की त्यांच्या अंगाला पुरळ येते, म्हणून दर रविवारी दादा घरी जाऊन त्यांची दाढी करतो.

"भाऊ, तुमच्या दादांच्या कानावर घाला ना. रविवारी ह्यांना गळ्याशी कापलं. उशीचा अभ्रा बदलावा लागला."

"तुम्हीच का नाही सांगितलंत, काकू?"

"कुठल्या तोंडाने सांगू? आमच्या वाईट दिवसांत दारात उभे राहिले ते एकटे तेच. आणि हे म्हणतात, कापलं तर कापू दे, पण त्याचं मन मोडू नकोस."

मला त्या दोघांचा राग आला, मग दादाचा, आणि घरी पोचेपर्यंत स्वतःचा. गल्लीत फटकळ म्हणून मी प्रसिद्ध, आणि इथे सहा महिने मूग गिळून बसलोय. शेवटी शनिवार उजाडला. सांगायचं तर आजच.

दुपारी दुकान रिकामं झालं.

"दादा, एक बोलायचं होतं."

"बोल की. पण आधी बस. दाढी करणाऱ्याच्याच तोंडावर खुंट? गिऱ्हाईक काय म्हणेल?"

बसलो. काय करणार? लहानपणापासून तो बस म्हणाला की मी बसतो. त्याने फेस लावला. तोच ब्रश, तीच गुणगुण. वस्तरा कानाखाली आला आणि मी खुर्चीचे हात घट्ट धरले. वस्तरा तिसऱ्यांदा फिरला आणि कापलं. दादाने लगेच तुरटी दाबली.

"लागलं?"

"नाही रे."

तो आरशात माझ्या मुठींकडे बघत होता. त्या मी अजून सोडल्या नव्हत्या.

"सगळे हेच म्हणतात," तो म्हणाला. "फॅशन म्हणालो मी. दुसरं काय म्हणू? त्या पहारेकऱ्याची दाढी बघितली की मलाच कसंतरी होतं. रोज वस्तरा उचलताना वाटतं, आज तरी कुणी 'लागलं' म्हणेल, की मग मी ठेवून देईन. माझ्या हाताने ठेववत नाही रे."

त्याने वस्तरा पुसला, पण खाली ठेवला नाही.

"उद्या मास्तरांकडे जायचंय. आता खरं सांग. लागलं?"

तुरटी झोंबत होती. रक्ताचा ओघळ कॉलरपर्यंत आला होता. एकच शब्द बोलायचा होता, आणि दादा माझ्याकडे तोच मागत होता. मी आरशात बघितलं. त्याचे डोळे भरले होते.

"नाही," मी म्हणालो.