खोट्या पेशंटचा नवरा

नवरा जाऊन चार वर्षं झाली होती, तेव्हा मला पुन्हा बायको होण्याची नोकरी लागली. सरकारी दवाखान्यांत गुप्तरोगाच्या पेशंटना कशी वागणूक मिळते, हे एका संस्थेसाठी तपासायचं काम होतं. फाइल घेऊन मिरवायचं नव्हतं. केसपेपर काढायचा, रांगेत बसायचं आणि पेशंट होऊन तक्रार सांगायची. आरोग्य खात्यातल्या वरच्या साहेबांची परवानगी असायची, पण कोण कधी येणार हे दवाखान्यात कुणालाच ठाऊक नसायचं. तक्रार आमच्याकडून पाठ करून घेतलेली: अंगावरून पांढरं जातं, ओटीपोटात दुखतं, मालक ट्रकवर असतात, शेवटचा संबंध मागच्या आठवड्यात. टेबलावर तपासायला घेऊ लागले तर पाळी आली आहे म्हणायचं. मग एसटी स्टँडवर बसून फॉर्म भरायचा. दार लावलं का, पडदा होता का, नवऱ्यालाही औषधासाठी बोलावलं का.

नगर जिल्ह्यातले बरेच दवाखाने मी असे पालथे घातले. एका ठिकाणी सिस्टरने व्हरांड्यातूनच हाक मारली, "पांढरं पानी कुनाचं हाय? या म्होरं!" रांगेतल्या बायका हसल्या. मीही हसले आणि शून्य मार्क दिले. मला राग लवकर येतो, आणि इथे रागावण्याचा पगार मिळत होता.

पण मी कामावर जायचे ती त्या खोट्या नवऱ्यासाठी. घरी माझ्या नवऱ्याचा फोटो होता, फोटोला हार होता, आणि त्याचा विषय निघायचा तो फक्त वर्षश्राद्धाला. दवाखान्यात जिथे जरा विचारपूस व्हायची, तिथे 'मालक दारू घेतात का, मारझोड करतात का' असं विचारायचे. मी ट्रकवाल्याच्या नावाखाली माझाच नवरा सांगायचे. दारू नाही, तंबाखू आहे. हात कधी उचलत नाहीत. चिडले की जेवत नाहीत, मग चोरून शेंगदाणे खातात. तो अजून असल्यासारखं बोलताना इतकं बरं वाटायचं की परतीच्या एसटीत मला तो हवासा व्हायचा, सगळाच, अंगासकट. विधवा बाईने हे कुणाला सांगावं?

नगर-मनमाड रस्त्यावरच्या एका ग्रामीण रुग्णालयात ती सिस्टर भेटली. पन्नाशीची, जाड भिंगांचा चष्मा लावलेली. नाव न पुकारता तिने मला खुणेने आत बोलावलं आणि उठून दाराला कडी घातली. इतक्या दवाखान्यांत कडी लावणारी ही पहिलीच. मी मनातल्या मनात मार्क द्यायला लागले, पण त्या कडीच्या आवाजानंतर माझं काही खरं राहिलं नाही. रविवारी दुपारी सासूबाई भजनाला गेल्या की तो अशीच हळूच कडी लावायचा.

"शेवटचा संबंध कधी आल्ता, ताई?" तिने विचारलं. "आठवंल तसं सांगा. घाई न्हाई."

"चार वर्षं झाली."

"मालक येत न्हाईत घरी?"

"ते नाहीत."

तोंडातून निघून गेलं आणि मला रडू आवरेना. तिने पेन खाली ठेवलं. तिची नजर माझ्या गळ्याकडे गेली. गळ्यात मंगळसूत्र होतं, ऑफिसने कामापुरतं दिलेलं, खोट्या सोन्याचं. माझं खरं मंगळसूत्र तो गेला त्याच दिवशी जावांनी काढलं होतं. एरवी मी भांडायला कुणाला ऐकत नाही, त्या दिवशी मात्र मुकाट्याने मान पुढे केली होती.

"न्हाई काढलं ते लई बरं केलं," ती म्हणाली. "कुनी कितीबी म्हनलं तरी ऐकू नका. आन् तुमचं दुखनं बी लपवू नका. गुरवारी या, गर्दी नसती. निवांत बोलू."

मी मान हलवली. तेव्हाच खरं सांगायला हवं होतं, पण धीर झाला नाही.

ठरलेली तक्रार मोडली की भेट बाद, असा आमचा नियम होता. मी ऑफिसात भांडले. फॉर्मच्या पाठीमागे तिच्याविषयी गच्च लिहून दिलं. साहेब म्हणाले, "मॅडम, याला मार्क कसे द्यायचे?" अहवालात त्या रुग्णालयापुढचा रकाना रिकामा राहिला. मी पाहिलेली सगळ्यात चांगली सिस्टर माझ्याच चुकीने कागदावर आली नाही.

ते काम संपलं, खोटं मंगळसूत्र ऑफिसात परत गेलं. अजूनही एसटी त्या गावात थांबली की उतरावंसं वाटतं. कडी लावलेल्या त्या खोलीत बसून माझ्या नवऱ्याबद्दल पोटभर बोलावं, त्याची आठवण अंगाला कशी होते तेही सांगावं, असं फार वाटतं. एका गुरुवारी मी फाटकापर्यंत गेले आणि परत फिरले. आत गेले असते तर तिला माझा मोकळा गळा दिसला असता. आणि मी मंगळसूत्र काढू दिलं नाही असं मानणारी सगळ्या जगात ती एकटीच आहे.