खारवलेली विहीर

कारखान्यांतून आलेलं क्लोरीनयुक्त विष खाडीच्या चिखलातले काही जंतू खाऊन टाकतात, यावर माझं संशोधन चाललं होतं. मुरबाडला घरी गेले तेव्हा काकांनी विचारलं, “आपल्या विहिरीला पण कंपनीचा वास येतो. तुझे जंतू इथं जगतील का गो?”

“नाय काका, त्यांना खारं पाणी लागतं.”

पुढच्या खेपेला गेले, तर काकांनी विहिरीत मिठाच्या गोणी ओतल्या होत्या आणि त्या पाण्यानं भेंडीचा मळा करपला होता.

“नुसत्या मिठानं जंतू कसे येतील?” मी ओरडले.

काकांनी तांब्या बुडवून माझ्यापुढे धरला. “खारं पाणी लागतं म्हणालीस ना? मग आता तूच पी.”

काठावर घरच्यांसोबत उभी असलेली काकू हसली. मी एकेक खारट घोट गिळत राहिले; तांब्या रिकामा होईस्तोवर काका हलले नाहीत आणि मधे कुणीही पडलं नाही.