पृथ्वी आड होती

त्या शुक्रवारी सकाळी साडेअकराच्या सुमाराला मला कळलं, की आपण साऱ्या जगाला चुकीचं सांगून बसलोय.

तेव्हा मी पवईच्या संस्थेत पीएच.डी.च्या तिसऱ्या वर्षाला होते. घाटकोपरहून रोज बसने जायचे. काम गॅमा किरणांचं. खूप दूर कुठेतरी एखादा प्रचंड तारा कोसळतो, नाहीतर दोन मेलेले तारे एकमेकांवर आदळतात, आणि काही क्षणांपुरता गॅमा किरणांचा स्फोट होतो. हे किरण हवेतून खाली जमिनीपर्यंत पोचत नाहीत, म्हणून ते टिपायला उपग्रह लागतात. आपल्या एका उपग्रहावर तसं यंत्र होतं. त्याची माहिती जमिनीवर उतरली की आमच्या गटातल्या चौघांनी पाळीपाळीने ती चाळायची आणि काही सापडलं तर जगभरच्या खगोलशास्त्रज्ञांना नोटीस पाठवायची.

तो आठवडा माझा होता. सोमवारी परदेशातल्या एका उपग्रहाने कळवलं, की अर्ध्या सेकंदाची एक अंधुक चमक दिसली. मी आमचा आलेख उघडला. नेमक्या त्याच वेळी रेघ वर चढली होती आणि नऊ सेकंदांत हळूहळू खाली आली होती. माझ्या गाइड मॅडम परदेशात परिषदेला होत्या. त्यांनी फोनवर आलेख बघितला आणि म्हणाल्या, "छान दिसतंय. पाठव."

मी पाठवलं. पहिल्यांदाच नोटिशीवर माझं नाव सगळ्यात आधी होतं. घरी आईला सांगितलं. आई महापालिकेच्या हॉस्पिटलात नर्स. आम्ही दोघीच. तिने बुधवारपर्यंत सगळ्या वस्तीला सांगितलं, आणि गुरुवारी विहाराच्या कमिटीने ठरवूनही टाकलं, की रविवारी बारावी पास झालेल्या मुलांबरोबर माझाही सत्कार करायचा. कोपऱ्यावर माझ्या फोटोचा बॅनर लागला.

आणि शुक्रवारी दूरवरच्या एका यानाची माहिती जमिनीवर उतरली. त्याने तोच स्फोट टिपला होता. ते यान आणि परदेशातले दोन उपग्रह, अशा तीन ठिकाणच्या वेळा जुळवून स्फोटाची दिशा आता पक्की झाली होती. मी सहज, निव्वळ वहीत नोंद करायची म्हणून, त्या क्षणी आमचा उपग्रह कुठे होता ते काढलं. आकडा बघितला. पुन्हा काढला. ती जागा आमच्या उपग्रहाला दिसणं शक्यच नव्हतं. मध्ये पृथ्वी होती. अगदी कडेला असती तर म्हटलं असतं, चुकून दिसलं असेल. पण ती पृथ्वीच्या चांगलीच आड होती.

मग मला नऊ सेकंद काय दिसलं?

आमच्या यंत्राचे चार भाग होते. खरा स्फोट असला तर चारही भागांत दिसायला हवा. सोमवारी मी फक्त चारांची बेरीज बघितली होती, कारण दुसरा कोणी आधी पाठवील अशी धास्ती होती. आता चारही आलेख वेगवेगळे उघडले. तीन सपाट. एकातच उंचवटा. त्या भागातला एखादा बिघडलेला ठिपका, म्हणजे पिक्सेल, उगाच खरखरला होता, आणि मी त्याला स्फोट म्हटलं होतं.

नुसती चूक असती तर एक वेळ चाललं असतं. पण स्फोट अर्ध्या सेकंदाचा की नऊ सेकंदांचा, यावर पुढचं सगळं ठरतं. लांबलेला म्हणजे तारा कोसळला; तसे पुष्कळ सापडतात. अगदी छोटा म्हणजे दोन मेलेले तारे आदळले; ते दुर्मीळ. त्यांची मागे उरलेली मंद झाक दुर्बिणीतून शोधावी लागते आणि ती दिवसागणिक विझत जाते. माझ्या नोटिशीमुळे, बाकीच्या उपग्रहांना त्याचं फक्त टोक दिसलं असं समजून, सगळ्यांनी याला लांबलेल्यांत टाकलं होतं. आणि आज जागा कळली होती. आफ्रिकेतल्या दुर्बिणी रात्री कुठे वळवायच्या, ते तिथले लोक त्यांच्या दुपारी ठरवतात. म्हणजे आपल्या चारच्या सुमाराला.

मॅडम परतीच्या विमानात. साडेआठला उतरणार. प्रकल्पातल्या दुसऱ्या सरांचा फोन लागेना.

शेजारच्या टेबलावर माझा सीनियर बसायचा. त्याला दाखवलं.

"मॅडम येऊ देत ना," तो म्हणाला. "घाई कसली?"

"चारपर्यंत याद्या बनतील रे त्यांच्या."

"आणि परत चुकलीस तर? एकदा वाट लावलीस, आता दुसऱ्यांदा लावशील."

ते लागलं, कारण तो बरोबर बोलत होता. मी म्हटलं, "मग तू तपास. माझा प्रोग्राम घेऊ नकोस. तुझा तू लिही."

त्याने खुर्ची स्वतःच्या स्क्रीनकडे वळवली. कानाला हेडफोन लावून बसला. मी डबा उघडला आणि तसाच बंद केला. सव्वादोन झाले, अडीच झाले. मधेच त्याने विचारलं, "वेळ युनिव्हर्सलच घेतलीस ना, भारतीय नाही?" आणि मी वेळेची ओळ उघडली. पुन्हा बघितलं. तीच घेतली होती. पावणेतीनला त्याने हेडफोन काढले.

"पृथ्वी आड आहे. माझंही तेच येतंय."

"पाठवू?"

"पाठव. पण माझं नाव नको घालूस, यार."

मी फक्त स्वतःचं नाव घातलं. चार ओळी. आम्हाला हा स्फोट दिसला नव्हता, दिसणं शक्य नव्हतं. आधीची नोटीस मागे घेत आहोत. कालावधीसाठी आमचा आकडा धरू नये. तीन वाजून पाच मिनिटांनी पाठवली आणि बाथरूममध्ये जाऊन तोंड धुतलं.

पावणेनऊला मॅडमचा फोन आला. मी घरी होते. मागे विमानतळावरच्या घोषणा ऐकू येत होत्या.

"काय केलंस तू हे?"

मी सगळं सांगितलं.

"सोमवारी मी विचारायला हवं होतं, चारही भाग बघितलेस का म्हणून. ते माझं चुकलं. पण मला न विचारता आपल्या यंत्राच्या नावाने काहीही बाहेर जाता कामा नये."

"मॅडम, तुम्ही विमानात होतात."

"माहितेय मला. तरीही. सोमवारी दहाला ये." फोन बंद.

गटात राहणार की नाही, हेसुद्धा मला विचारता आलं नाही. आई ओट्याशी उभी राहून ऐकत होती. मी म्हटलं, "आई, रविवारचं रद्द करायला सांग."

"बॅनर लागलाय गं."

"मी शोधलंच नाही काही. चुकलं माझं."

तिने भाकरी उलटली. "मग सोमवारी सांग लोकांना. एक रविवार जाऊ दे. माझ्यासाठी."

मी ताट वाढून घेतलं.

रविवारी तिने ठेवणीतली पांढरी साडी नेसली होती. वंदना झाली, मुलांना वह्या-पेनं दिली, आणि माझं नाव पुकारलं. सेक्रेटरी शाल उलगडत होते. मी आधी माईक मागितला. काय झालं ते साध्या शब्दांत सांगितलं, आणि सत्कार नको म्हटलं. आई खाली बघत होती.

पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या काकांनी विचारलं, "पोरी, मग तो स्फोट झालाच नव्हता का?"

"झाला होता काका. बाकीच्यांनी बघितला. आपल्याला दिसला नाही."

"मग तू काय बघितलंस?"

"यंत्रातली खरखर."

मागे कोणीतरी हसलं. सेक्रेटरींना शालीचं काय करावं कळेना. त्यांनी घडी घालून ती टेबलावर ठेवली. आई मंगळवारपर्यंत माझ्याशी बोलली नाही. मंगळवारी ड्यूटीवर जाताना चप्पल घालता घालता म्हणाली, "मी एकदा रक्ताच्या बाटलीवर चुकीचं लेबल लावलं होतं. लगेच दिसलं, बदललं. आजपर्यंत कुणाला सांगितलं नव्हतं." आणि जिना उतरून गेली.

त्याआधी सोमवारी मॅडमनी ओरडायचं ते ओरडून घेतलं. मग फळ्यावर तपासण्यांची यादी लिहायला लावली आणि दोन महिने मला पाळीवरून काढलं. त्यानंतर पुन्हा लावलं, काही न बोलता.

आफ्रिकेतल्या एका दुर्बिणीने त्या शुक्रवारी रात्री यादी बदलून तिकडे बघितलं होतं. एका अंधुक दीर्घिकेच्या कडेला एक पुसट ठिपका सापडला. दुसऱ्या रात्री ढग आले. तिसऱ्या रात्री तिथे काही नव्हतं. ती झाक होती की नव्हती, ते ठामपणे कोणालाच सांगता आलं नाही. सोमवारी चुकीचं पाठवलं नसतं तरी जागा शुक्रवारीच कळली असती, असं मी स्वतःला समजावते. पण मग शुक्रवारी, दुर्मीळ छोटा स्फोट म्हणून, सगळ्याच दुर्बिणी तिकडे वळल्या असत्या, एकच नव्हे. हे मी कितीही वेळा मांडून बघितलं तरी तेच उत्तर येतं.