विसळलेल्या पाण्याची वाट

आपण लिहावे आणि इतरांनी ते वाचावे, एवढा अधिकार आपल्याला आहे असे मला कधी वाटले नाही. मुलींच्या शाळेत मी आयुष्यभर भूमिती शिकवली. फळ्यावर लिहिलेले तास संपताच पुसले जाई, आणि त्यात मला नेहमी सुटल्यासारखे वाटे. पुसता येणार नाही असे काही लिहिण्याचे धाडस निवृत्त झाल्यावरही बरीच वर्षे झाले नाही. आता या वयात ते करते आहे, याबद्दल वाचकांनी मोठ्या मनाने क्षमा करावी. विषयही काही थोर नाही. घरामागचे माजलेले परस आणि त्यात पडून असलेले जुने सामान, इतकाच आहे. पण त्यातून माझी एक अडचण उभी राहिली आहे, आणि ती चार माणसांना तोंडाने सांगण्यापेक्षा लिहून सांगणे मला सोपे वाटले.

नांदेडच्या या घरात आई आणि मी अशा दोघीच राहतो. वडील जाऊन पुष्कळ वर्षे झाली. धाकटा भाऊ नोकरीमुळे लातूरला स्थायिक झाला आहे. गेल्या उन्हाळ्याच्या शेवटी आई परसात पाय घसरून पडली आणि तिच्या खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रियेनंतर भाऊ तिला लातूरला घेऊन गेला. त्याच्या घरी माणसे अधिक. मला एकटीला तिला उठवणे-बसवणे झेपले नसते. पावसाळाभर ती तिकडेच राहिली. रोज संध्याकाळी तिचा फोन येई, आणि माझ्या आधी झाडांची विचारपूस होई.

"लिंबोणीला फुलं आली का? जास्वंद कशी हाय?"

पाऊस चांगला आहे, असे मी सांगे. ते खरेच होते. पाऊस इतका चांगला होता की परसाचे दार उघडले तरी पाऊल ठेवायला जागा उरली नव्हती. गाजरगवत माझ्या कमरेला लागत होते, आघाड्याची कुसे लुगड्याला चिकटत होती, आणि भिंतीवरून आलेल्या गुळवेलीने पेरूला पार गुंडाळून टाकले होते.

आई वॉकर घेऊन खोलीभर फिरू लागली, तेव्हा तिला परत आणण्याविषयी मी भावाशी बोलले.

"अक्का, आणायला माझी ना न्हाई," तो म्हणाला, "पण आधी मागं सगळा सिमेंटचा कोबा करून टाकू. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. झाडं काढू. परत पडली तर हे हाड जुळणार न्हाई, डॉक्टरनं स्पष्ट सांगितलंय."

"आईला विचारलंस?"

"विचारलं. म्हणती, मग मला इथंच राहू दे. तिथं येऊन काय कोब्याला पाणी घालू?"

भाऊ वाईट बोलत नव्हता. आई पडली त्या दिवशी तो सुटीला इकडे आलेला होता आणि पडलेल्या आईला त्यानेच उचलले होते. ते ओझे त्याच्या हातांना अजून आठवत असणार. तरीही मी, जिने आजवर त्याच्याशी कशावरून वाद घातला नाही, त्याला म्हणाले, "दसऱ्यापर्यंत थांब. वॉकर चालेल अशी वाट मी करते. नाही झाली, तर कोबा कर." विजयादशमीला पांढरी साडी नेसून वस्तीतल्या विहारात जाऊन बसणे आईने आजवर चुकवलेले नाही, आणि त्या दिवशी ती आपल्या घरी असावी असे मला वाटत होते.

विळा शेजारच्या वहिनींनी दिला. भिंतीवरून देताना त्या म्हणाल्या, "मॅडम, आत वाघ हाय का बघून घ्या आधी. आन् हा खडू न्हाई बरं, जपून धरा."

पहिले दोन-तीन दिवस माझ्याकडून फार थोडे काम झाले. मग हळूहळू अंदाज येत गेला. गवत ओले असताना मुळासकट निघते, वाळल्यावर तुटते आणि मूळ आत राहते. गुळवेल खाली ओढली तर पेरूची फांदीच खाली येते, म्हणून ती वरून सोडवावी लागते. वहिनी अधूनमधून भिंतीवरून डोकावत. "बापरे, जमीन दिसून राहिली की!" एवढे बोलून त्या आपल्या कामाला जात, आणि मला ते शाबासकीसारखे वाटे.

गवत हटले तशी आईची झाडे एकेक करून दिसू लागली. भांडी घासण्याच्या दगडापाशी गवती चहा, थोडे डावीकडे जास्वंद, तिथून उलटे उजवीकडे लिंबोणी, मग पुन्हा डावीकडे कढीपत्ता, त्यामागे मोगरा, आणि अगदी टोकाला शेवगा. झाडे कशीही लावली आहेत, असे माझ्या मनात आले. आई शाळेत गेलेली नाही. ओळ धरून लावण्याचे तिला कुणी शिकवले नसेल, असेही वाटले. मागच्या फाटकापर्यंत मधून सरळ जागा मोकळी होती. ती मला आवडली.

आता वाटेला लागणारे सामान. विकत काही आणायचे नाही, हा आमच्या घरचा जुना शिरस्ता. भिंतीच्या कोपऱ्यात गवताखाली सगळा संसार निघाला. घर बांधताना उरलेले शहाबादी फरशीचे तुकडे होते, वर्षानुवर्षे ऊन-पाऊस खाऊन खरबरीत झालेले. गंजून गेलेल्या जुन्या कूलरचे तळाचे पत्र्याचे भांडे होते. वडिलांच्या लोखंडी पलंगाची उशाकडची जाळी होती. तळाला चीर गेलेला माठ होता. कूलरचे भांडे विटांवर कमरेइतके उंच ठेवून मी त्यात माती भरली आणि कोथिंबीर पेरली, म्हणजे आईला वाकावे लागू नये. पलंगाची जाळी भिंतीला टेकवून तिच्यावर दोडक्याचा वेल चढवला आणि आईच्या फाटक्या पांढऱ्या साडीच्या पट्ट्यांनी तो बांधला. माठ लिंबोणीच्या बुडाशी गळ्यापर्यंत पुरला. भरून ठेवला की पाणी आपोआप मुळाशी पाझरते. त्या दिवसांत मी फार आनंदात होते. निरुपयोगी म्हणून कोपऱ्यात गेलेल्या वस्तूला पुन्हा काम मिळालेले पाहून निवृत्त माणसाला जरा अधिकच बरे वाटत असावे.

फरश्या मात्र मी पूर्ण शास्त्रशुद्ध लावल्या. दोन खुंट्या ठोकल्या, सुतळी ताणली, दारापासून फाटकापर्यंत रेषा धरली. प्रत्येक तुकड्याखाली वाळू घालून तो डुगडुगत नाही याची खात्री केली. वॉकरचे चारही पाय मावतील अशी रुंदी ठेवली. पूर्ण झाल्यावर मी दारात उभी राहून त्या वाटेकडे पाहिले. फळ्यावर पट्टीने काढावी तशी ती दिसत होती. मी तिचा फोटो काढून भावाला पाठवला. त्याचे उत्तर आले, "भारी. आणतो आईला."

दसऱ्याच्या दोन दिवस आधी तो आईला घेऊन आला. गाडीतून उतरल्यावर आईने पाणीसुद्धा घेतले नाही. वॉकर टेकत थेट मागच्या दाराशी गेली. तिथे उभी राहून तिने सगळे नीट न्याहाळले. कूलरच्या भांड्यातल्या कोथिंबिरीवरून हात फिरवला.

"ह्यो आपला कूलर का? किती आवाज करायचा मेला. आता बघ कसा गप बसलाय."

मग ती वाटेवर उतरली. दोन फरश्या चालली आणि थांबली.

"बाई, ही वाट कुठं चालली?"

"फाटकाकडे, आई. सरळ आहे. वॉकर कुठे अडणार नाही."

"फाटकात माझं काय काम हाय?"

एवढे बोलून तिने वॉकर उचलला आणि फरशी सोडून डावीकडे, जास्वंदीच्या दिशेने, ओल्या मातीत टाकला. त्याचे पुढचे पाय खचले. भावाने धावत जाऊन तिला मागून धरले नसते तर काय झाले असते, हे मला लिहवत नाही. आम्ही तिला खुर्चीवर बसवले. मग भाऊ हळू आवाजात म्हणाला, "अक्का, तू लई मेहनत केलीस. पण बघितलंस ना? उद्या मिस्त्रीला बोलावतो."

मीच तसे कबूल केले होते. आई मात्र त्याच्याकडे न पाहता मला म्हणाली, "ते सारं राहू दे. मी नव्हते तर भांडे विसळलेलं पाणी कुठं टाकून राहिलीस?"

"नालीत," मी म्हणाले.

आईचा चेहरा उतरला. नायगावकडच्या ज्या खेड्यात ती लहानाची मोठी झाली, तिथल्या आडाला आमच्या माणसांनी हात लावायचा नसे. आपली घागर घेऊन बाजूला थांबायचे आणि कुणी वरून पाणी ओतील तेव्हा भरून आणायचे. याविषयी ती सहसा बोलत नाही. पण या घरात ती आली तेव्हापासून भांड्यांची पहिली खळबळ, म्हणजे खरकटे-साबणाचे पाणी, तेवढी नालीत गेली. दुसऱ्या खळबळीचे पाणी, तांदूळ धुतलेले, भाजी धुतलेले, सगळे तिने स्वतःच्या हाताने झाडांना घातले. त्या दगडापासून तांब्या घेऊन निघायचे, गवती चहाला थोडे, वळून जास्वंदीला, तिथून लिंबोणीला, मग कढीपत्त्याला. लहानपणापासून मी तिला तसे नागमोडी फिरताना पाहत आले होते, आणि सुतळी ताणताना मला त्यातले काहीच आठवले नव्हते.

"आई," मी म्हणाले, "तू कुठून कुठे जायचीस ते दाखव."

तिने वॉकर बाजूला ठेवला, माझ्याकडून काठी मागून घेतली आणि खुर्चीवर बसूनच काठीच्या टोकाने हवेत वाट काढली. इथून इथं. मग हिकडं वळायचं. न्हाई, एवढं न्हाई, लिंबोणीचे काटे लागतेत. मी पहिली फरशी उपटली. दुसरी उपटताना पाहते तर पलीकडच्या टोकाला भावाने हात घातला होता. पँट गुडघ्यापर्यंत दुमडून तो मातीत बसला होता.

"मिस्त्री?" मी विचारले.

"मिस्त्रीच हाय न मी आता," तो म्हणाला. "तिला कोब्यावर ठेवलं तरी ती झाडं हुडकत मातीतच जाणार. त्यापेक्षा मातीवर फरशी टाकू."

वहिनी भिंतीवरून पाहत होत्या. "काय हो मॅडम, कालच तर घातली वाट, आज उकरून राहिलात?"

"चुकली होती," मी म्हणाले.

"मग पट्टी कशाला वापरलीत? आमच्या काकूला इचारायचं."

आई मोठ्याने हसली. पडल्यापासून तिचे ते पहिलेच हसणे मी ऐकले.

दोन बिंदूंना जोडणाऱ्या वाटांमध्ये सरळ रेषा सर्वांत छोटी असते, हे मी किती मुलींकडून पाठ करून घेतले असेल. त्यामुळे पुढे काय होणार हे मला आधीच कळायला हवे होते. वाट वाकडी होत गेली तशी लांबत गेली, आणि मोगऱ्यापाशी फरश्या संपल्या. शेवगा राहिला.

दसऱ्याला आई पांढरी साडी नेसून विहारात जाऊन आली. मिस्त्री आला नाही. लातूरला परत जाताना भावाने मात्र तिच्या हातावर हात ठेवून अट घातली, "जिथवर फरशी तिथवर जायचं. पुढं एक पाऊल न्हाई." आईने मान हलवली, आणि ती ते पाळते. सकाळी भांडी झाल्यावर दुधाची जुनी ॲल्युमिनियमची किटली साडीच्या पट्टीने वॉकरला बांधून देणे हे माझे काम. किटली अर्धीच भरायची, जास्त भरली की वॉकर पुढे झुकतो. तेवढे पाणी घेऊन ती निघते. एका झाडापाशी थांबते, घालते, वळते. मोगऱ्यापाशी शेवटच्या फरशीवर ती उभी राहते आणि राहिलेल्या पाण्यासकट किटली सोडून माझ्या हातात देते. शेवग्याला मी घालते. ती तिथूनच बघते.

"बुडाला घाल. असं लांबून न्हाई. अजून. हाव, बस."

मी घातलेले तिला पुरेसे वाटत नाही, हे मला दिसते. या घरी आल्यावर तिने लावलेले ते पहिले झाड आहे. सगळ्या गल्लीने त्याच्या शेंगा खाल्ल्या आहेत. नव्या फरश्या आणते म्हटले तर ती ऐकत नाही. "इकत कशाला? लोकायच्या घरी मागं पडलेल्या असतेत. इचार की." वहिनींकडच्या होत्या, त्या त्यांच्या ओट्यात गेल्या. त्यापलीकडच्या घरी जाऊन, दार वाजवून, तुमच्या अडगळीतली फरशी देता का असे विचारणे मला अजून जमलेले नाही. एकदा गेले होते. दारापर्यंत जाऊन परत आले.

तीन-चार तुकडे पुरतील. कोपरे तुटलेले असले तरी चालतील, फक्त वर्षानुवर्षे उन्हात पडून खरबरीत झालेले हवेत, म्हणजे वॉकर घसरणार नाही. न्यायला मी स्वतः येईन.

तुमच्या घरामागे शहाबादी फरशीचे जुने तुकडे पडून आहेत का?