परतीची मोजणी

तव्यावर फराता फुगत होता, माझा नवरा देवराज चहा फुंकत बसला होता, तेवढ्यात दारावर थाप पडली. दार सताड उघडं असताना आमच्या तामारें गावात थाप कोण मारतं?

उंबऱ्याशी व्हेर्लेनमावशी. तीस वर्षं हॉटेलच्या चादरींना इस्त्री केलेली बाई. तिच्या झग्यावर कधी चुणी दिसायची नाही. आज मात्र अनवाणी आली होती. हातात सूर्यास्ताच्या सफरींची तीन पत्रकं.

"निवडून दे गं पोरी. प्रवाळाच्या भिंतीबाहेर कुठली कॅटामरान बोट जाते?"

"का गं मावशी, नवा कुणी गाठलास की काय?"

"जुनाच आहे," ती म्हणाली. हसली नाही.

जुना म्हणजे एव्हारिस्त, तिचा नवरा. बावीस वर्षांपूर्वी प्रवाळातल्या खिंडीतून बाहेर मासे धरायला गेला. होडी सापडली, नांगर टाकलेली, जेवणाचा डबा धुऊन पालथा घातलेला. तो नाही. दोन नोव्हेंबरला सारं गाव कबरींवर फुलं नेतं. हिला कबरच नाही. म्हणून गेल्या वर्षी तिनं एका सफरीचं तिकीट काढलं; ती बोट आता बंद झाली.

"लोक रम पीत नाचत होते," मावशी सांगू लागली. "मी पुढे दोन सांगाड्यांमध्ये ताणलेल्या जाळीवर बसून फुलं सोडली. सूर्य बुडाला आणि माझ्या उजवीकडची जाळी खाली दबली. मी वळून पाहिलं नाही. त्याच्या तंबाखूचा वास आला."

माझा फराता करपला.

"परतताना कप्तानानं माणसं मोजली. निघताना अठरा होती, आता एकोणीस. पुन्हा मोजली, एकोणीसच. मग एकेकाच्या खांद्याला हात लावत आला. माझ्यापाशी पोचला, तशी जाळी वर आली. अठरा."

मी दोन पत्रकं बाजूला सारली. त्या बोटी खिंडीच्या आतूनच वळतात. उरली ती देवराजची. तोच तिचा कप्तान.

त्यानं कप खाली ठेवला. "मावशी, मोजल्याशिवाय मला बोट आणता येत नाही. खरंच कुणी पाण्यात पडलेलं असलं तर?"

"मोज की बाबा. जाताना मोज, तिथं पोचल्यावर दहादा मोज. फक्त परत येताना, धक्क्याला लागेपर्यंत, माझ्या उजवीकडची जागा मोजू नकोस."